वाड्याच्या सागवानासाठी जुना लोखंडी रंधा: तीन नगांची तुलना आणि एक खरेदी

सदाशिव पेठेतील आमच्या आजोळचा वाडा पुनर्विकासात गेला, तेव्हा माडीच्या तक्तपोशीच्या पाच सागवानी फळ्या माझ्या थोरल्या मामेभावाने, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो त्यांनी, टेम्पोत घालून कोथरूडच्या आपल्या सदनिकेत आणल्या आणि गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवल्या. प्रत्येक फळी सुमारे सहा फूट लांब, नऊ इंच रुंद आणि इंचभर जाड होती. आरेखक म्हणून आयुष्य काढलेल्या दादांनी त्याच आठवड्यात जेवणाच्या टेबलाचा आराखडा काढला. साडेपाच फूट लांब आणि जेमतेम तीन फूट रुंद असा वरचा पाट चार फळ्या कडेला कड चिकटवून करायचा, पाचवी फळी राखीव ठेवायची आणि सांधा डोळ्यांना दिसता कामा नये, एवढे त्यांनी ठरवूनच टाकले होते.

फळ्या मशीनवर घालून घेण्याचा सोपा मार्ग पहिल्याच दिवशी बंद झाला. "खिळ्याचं लाकूड आहे, पाती जातील माझी," असे सांगून ओळखीच्या सुताराने हात वर केले, आणि त्याचे काही चुकले नव्हते. वाड्याच्या लाकडात डोके तुटून आत राहिलेले चौकोनी घडीव खिळे असतात. विजेचा हातरंधा आणावा, तर सोसायटीत दुपारच्या वेळी तो चालवणे अशक्य होते. राहता राहिला हाताने मारायचा रंधा. मामांचा बाभळीचा, पाचरीचा लाकडी रंधा घरात होता. परंतु त्याचे तोंड, म्हणजे तळातली पाते बाहेर येण्याची फट, झिजून फाकले होते, आणि हातोडीच्या टिचक्या मारून पाते केसभर पुढेमागे करण्याची सवय आम्हा दोघांनाही नव्हती. पितळी चक्री फिरवून काम चालू असतानाच पाते कमीजास्त करता येते, ही लिओनार्ड बेली या अमेरिकी कारागिराने रूढ केलेल्या लोखंडी रंध्याची खरी सोय आहे. आम्हाला हवी होती ती तेवढीच.

या रंध्यांचा इतिहास खरेदीपुरता थोडक्यात सांगतो. बेली यांचे हक्क कनेटिकट राज्यातील न्यू ब्रिटन येथील स्टॅनली कंपनीने १८६९ मध्ये घेतले, आणि पुढे जगभर नक्कल झालेली क्रमांकांची मालिका तेथून रूढ झाली. चार नंबरचा रंधा ९ इंच लांब, पाच नंबरचा १४ इंच, सात नंबरचा २२ इंच. चार आणि पाच या दोन्ही नंबरांना दोन इंची पाते बसते; साडेपाच नंबर १५ इंच लांब आणि अधिक रुंद पात्याचा असतो. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या सी. अँड जे. हॅम्पटन या कंपनीने १९३१ पासून 'रेकॉर्ड' या नावाने तसेच रंधे काढले आणि क्रमांकाआधी शून्य लावले. स्टॅनलीनेही १९३७ मध्ये शेफील्डमधील एक कारखाना घेऊन तेथे उत्पादन सुरू केले. त्यामुळे जुन्या बाजारात पाच नंबर म्हणून जे हाती येते, ते अमेरिकी स्टॅनली, इंग्रजी स्टॅनली किंवा रेकॉर्ड यांपैकी एक असण्याची शक्यता मोठी असते, आणि तिघांची रचना इतकी सारखी असते की तुलना नावांची न करता समोरच्या नगांची करावी लागते.

साडेपाच फुटी कडेसाठी पुस्तकी उत्तर सात नंबर हेच आहे, कारण तळ जितका लांब तितकी कड सरळ. पण एकच रंधा घ्यायचा, त्यानेच फळ्यांचा पृष्ठभाग सपाट करायचा आणि त्यानेच कडा साधायच्या, अशी अट असेल तर पाच किंवा साडेपाच नंबरावर यावे लागते. दादांचे मन साडेपाचवर होते आणि त्याला सबळ कारण होते. सांध्याच्या दोन फळ्या पुस्तक मिटल्यासारख्या एकमेकींवर ठेवून दोघींच्या कडा एकदम रंधल्या, तर रंधा थोडा कलला तरी एकीचा कोन जितका कमी होतो तितकाच दुसरीचा वाढतो, आणि फळ्या उलगडल्यावर सांधा सपाट बसतो. इंच-इंच जाडीच्या दोन फळ्या मिळून दोन इंच होतात. दोन इंची पात्याला तेथे इकडेतिकडे सरकायला जागाच उरत नाही. साडेपाचच्या २⅜ इंची पात्याला ती उरते.

म्हणून पहिला नग पाहिला तो रेकॉर्डचा शून्य साडेपाच, मुंबईतील एका विक्रेत्याकडचा. किंमत साडेसहा हजार रुपये. निळा रंग नवाकोरा, बाजू आरशासारख्या, मुठी पॉलिश केलेल्या. वजन हातात भरपूर लागत होते. इतक्या नव्या रंगाने मला मात्र अस्वस्थ केले. जुन्या अवजाराचा मूळ रंग थोडा उडालेला असणे हा त्याच्या खरेपणाचा दाखला असतो, आणि रंध्याच्या पोटात, जेथे कोणी पाहत नाही तेथेही जाड रंग फासलेला असेल, तर तो कशासाठी फासला हा प्रश्न विचारावा लागतो. मी पाते, कॅप आयर्न, म्हणजे पात्याच्या पाठीवरची पट्टी, आणि फ्रॉग, म्हणजे ज्या तिरक्या बैठकीवर पाते टेकते तो भाग, उतरवू देण्याची विनंती केली. विक्रेत्याने ती मान्य केली, हे नमूद करायला हवे. बॅटरीच्या उजेडात तोंडाच्या डाव्या कोपऱ्यापासून बाजूच्या भिंतीवर चढत गेलेली एक बारीक रेघ रंगाखाली उंचवट्यासारखी दिसत होती. नखाने रंग खरवडला, तेव्हा खाली पिवळेपणा आला.

ते पितळी झाळकाम होते. रंध्याचे धड बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असते, आणि बीड पडले की वाकत नाही, तडकते. तोंडाजवळ धातू सर्वांत कमी असल्यामुळे तडा बहुधा तेथूनच सुरू होतो. झाळून जोडलेला रंधा निकामी असतो असे नाही, परंतु झाळताना बसलेल्या आचेने धड पिळवटते. फूटपट्टी तळावर तिरपी ठेवून उजेडाकडे धरली, तेव्हा एका कर्णावर फट दिसली आणि दुसऱ्या कर्णावर पट्टी मधोमध डुलली. फट मोजायच्या फीलर गेजची ०.३ मिलिमीटरची पात त्या फटीत सहज गेली. एवढा पीळ घासून काढायचा, तर तोंड रुंदावते आणि मेहनतीला अंत राहत नाही. साडेसहा हजारांचा हा नग आम्ही नाकारला. परतीच्या गाडीत लोणावळ्यापर्यंत दादा काही बोलले नाहीत.

दुसरा नग लेस्टरहून सुचवला गेला. तेथे राहणाऱ्या माझ्या भाच्याला एका रविवारच्या बाजारात 'मेड इन इंग्लंड' असे लिहिलेला स्टॅनली पाच नंबर २५ पौंडांना मिळत होता, आणि त्याने छायाचित्रे पाठवली. पात्याची लांबी जवळजवळ पूर्ण शिल्लक, मुठी अभंग, गंजाचा ठिपका नाही. छायाचित्रे पाहून दादा हरखले. मीही हरखलोच होतो. तरी अवजाराचा तळ छायाचित्रात दिसत नाही, म्हणून विकणाऱ्याकडून तासाभराची मुदत घेऊन भाच्याने तो रंधा घरी नेला. त्याला एक परीक्षा सांगितली: पाते पूर्ण वर ओढ, पण काढू नकोस, कारण पाते आवळून धरणाऱ्या लिव्हर कॅपच्या दाबाने धड किंचित वाकते आणि काम करतानाही ते तसेच राहते, मग रंधा काचेच्या टीपॉयवर ठेव आणि छपाईच्या साध्या कागदाची अरुंद पट्टी तीन जागी तळाखाली सरकवून पाहा, म्हणजे नाकाखाली (पुढच्या टोकाशी), तोंडाच्या अगदी पुढे आणि टाचेखाली (मागच्या टोकाशी).

असा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. नाकाखाली आणि टाचेखाली पट्टी अडली. तोंडापाशी ती एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर आली.

या खरेदीत निर्णायक ठरलेली गोष्ट हीच, म्हणून ती थोडी उलगडून सांगतो. रंध्याचा तळ सर्वत्र आरशासारखा सपाट असण्याची गरज नसते. तोंडामागे किंवा नाक आणि तोंड यांच्या मध्ये थोडा खळगा असला तरी बिघडत नाही. मात्र नाक, तोंडाची पुढची कड आणि टाच या तीन जागा एका पातळीत असल्याच पाहिजेत. तोंड वर उचललेले असेल, तर रंधा नाकावर आणि टाचेवर चालतो; पाते गरजेपेक्षा जास्त बाहेर काढावे लागते, तोंडापुढचे रेषे दाबले जात नाहीत आणि ते पात्याच्या पुढे फाटत जातात. त्याहून वाईट म्हणजे अशा अंतर्वक्र तळाने रंधलेली कड मधोमध उंच राहते. दोन कडा मध्यभागी टेकतात, टोके उघडी पडतात आणि क्लॅम्प आवळून ती जबरदस्तीने मिटवली, तरी लाकूड सुकताना ती पहिली उघडतात. चौदा इंची तळावरून दहावा मिलिमीटर हाताने घासून काढता येतो, पण त्यात दोन दिवस जातात, आणि रंधा डिसेंबरात भाचा येईपर्यंत मिळणारही नव्हता. दिसायला सर्वांत चांगला असलेला हा नग त्या कारणाने मागे पडला.

तिसरा नग आम्ही शोधला नव्हता. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो; तेथे मी नळाच्या चाव्या पाहत असताना गोणपाटावर पान्यांच्या ढिगात नाक वर करून पडलेला एक तांबूस रंधा दिसला. लोखंडाचा रंग कोठेच दिसत नव्हता. मागची मूठ हलत होती. पाते झिजून खाचेपासून जेमतेम तीन अष्टमांश इंच उरले होते, आणि तोंड कोणीतरी कानशीने घासून चार मिलिमीटरपर्यंत उघडले होते. फ्रॉगमागे बोटाने माती बाजूला केली, तर ओतीव अक्षरांच्या तीन ओळी लागल्या: २५ मार्च १९०२, १९ ऑगस्ट १९०२, १९ एप्रिल १९१०.

पेटंटच्या या तीन तारखा असलेले धड १९१० ते १९१८ या काळातले धरतात. संग्राहक त्याला 'टाइप ११' म्हणतात. ही वर्गवारी कंपनीने केलेली नसून नंतरच्या अभ्यासकांनी केलेली आहे, आणि ती धडापुरतीच खरी मानावी, कारण शंभर वर्षांत पाते, कॅप आणि मुठी एका रंध्यावरून दुसऱ्यावर कितीदा गेल्या असतील याला गणती नाही. प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या तारखा पाहून माझा विवेक क्षणभर ढळला. तारखेने तळ सपाट होत नाही, हे दुसऱ्याला सांगणारा मीच दर विचारून मोकळा झालो. विक्रेत्याने अडीच हजार सांगितले.

मग मात्र बसकण मारून नग सुटा केला. तळावरचा गंज एका पट्ट्यापुरता दगडाने घासून फूटपट्टी लावली. नाक, तोंड आणि टाच एका रेषेत होती, मध्ये ०.०५ मिलिमीटरची पातही जात नव्हती. धड बोटांच्या टोकांवर तोलून टिचकी मारल्यावर घंटेसारखा आवाज आला. तडकलेले बीड बद्द वाजते. पितळी चक्रीने हलून पाते पुढेमागे करणारे दुबेळके, जे तुटले की सहसा मिळत नाही, अखंड होते आणि चक्रीत थोडा रिकामा फेरा सोडला तर हालचाल नीट होती. चक्रीचे आटे उलटे, म्हणजे डावे असतात हे माहीत नसल्याने कोणी ती विरुद्ध दिशेला पिळून आटे खराब करतो. येथे तसे झाले नव्हते. राहिली ती मूठ. पाच नंबर आणि त्यापुढच्या रंध्यांच्या मुठीला पायथ्याशी एक जादा स्क्रू असतो. त्या एका स्क्रूवर ती तगून होती, आणि मुठीच्या पोटातून जाणारा मुख्य दांडा वरच्या पितळी नटासकट गायब होता.

"साहेब, नट कुठंबी भेटंल," विक्रेता म्हणाला. तो कुठेही भेटत नाही, आणि हीच बाब मी भाव पाडायला वापरली. स्टॅनलीच्या त्या दांड्याचा आटा १२-२० या मापाचा असतो. व्यास सुमारे साडेपाच मिलिमीटर आणि इंचाला वीस आटे. हे माप हार्डवेअरच्या कोणत्याही दुकानात नसते. सहा मिलिमीटरचा बोल्ट त्यात शिरत नाही आणि पाचचा लटपटतो. झिजलेले पाते, उघडे तोंड आणि हरवलेला दांडा अशी तीन न्यूने मोजून दाखवल्यावर सौदा चौदाशेला ठरला. गंजाबद्दल मी अवाक्षरही काढले नाही. तो वरवरचा होता आणि त्याला किंमत जवळजवळ नसते.

सुटे भाग दोन दिवस रॉकेलमध्ये आणि त्यानंतर एक रात्र सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात ठेवले. सकाळी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच पुसले आणि शिवणयंत्राचे तेल लावले. खोबरेल लावू नये. ते खवट होऊन चिकट थर धरते. काळा मूळ लेप बराचसा शाबूत निघाला. फ्रॉग उतरवल्यावर माझी एक चूक ध्यानात आली. बाजारात मी तो सैल केला होता, पण उचलून त्याच्या बैठकीखाली पाहिले नव्हते. तेथे गंजाचे खड्डे आणि वाळलेल्या रंगाचा एक थेंब होता. तसाच बसवला असता, तर पाते कितीही चांगले असले तरी ते थरथरले असते आणि लाकडावर पायऱ्यांसारख्या आडव्या रेघा उठल्या असत्या. सुदैवाने बैठकीचा बाकीचा पृष्ठभाग पुरेसा होता, आणि बारीक कानशीने थेंब काढल्यावर फ्रॉग न डुलता बसला.

दांड्यासाठी भोसरीच्या एका लहानशा लेथ कारखान्यात गेलो. तेथील मिस्त्रींनी धडातले भोक पाव इंची व्हिटवर्थ या ब्रिटिश मापाच्या आट्याचे करून देतो म्हटले, आणि सुचवणी मुळीच वेडगळ नव्हती, कारण त्या आट्याचीही गती इंचाला वीसच असते. परंतु शंभर वर्षे टिकलेल्या धडाला छेद देण्यापेक्षा नवा दांडा धडाच्या मापाचा करावा, असे दादांचे म्हणणे पडले. मिस्त्रींचा लेथ इंची मापाचा असल्याने तेही जमले. त्यांनी गिअर वीसवर लावला, साडेपाच मिलिमीटरची कांडी घेतली, आणि दर फेऱ्यानंतर ती धडात फिरवून पाहत चौथ्या वेळेला बसवली. पितळी नट त्याच बैठकीत झाला. साडेतीनशे रुपये घेतले आणि चहा पाजला.

पात्याचा प्रश्न भाच्याने सोडवला. इंग्लंडातून अख्खा रंधा आणण्याऐवजी त्याने दोन इंची नवे पाते तेवढे आणले, तेही विमानातील हातातल्या बॅगेत न ठेवता चेक-इनच्या सामानात. हे पाते सुमारे २.४ मिलिमीटर जाड आहे. मूळचे दोनच्या आसपास असते. एरवी जाड पाते जुन्या रंध्यात बसवताना तोंड अपुरे पडते आणि बिडाला कानस लावावी लागते. आमच्या रंध्याचे तोंड तर आधीच्या मालकाने घासून ठेवलेलेच होते. ज्या न्यूनावर मी भाव पाडला होता, तेच असे उपयोगी पडले. उघड्या तोंडामुळे रेषे फाटण्याची भीती राहते, हे खरे; ती कॅप आयर्नने भागवली. पात्याच्या पाठीवरची ही पट्टी धारेपासून पाव मिलिमीटरवर आणून ठेवली, तर पापुद्रा सुटताक्षणी मोडतो आणि पुढे फाट धावत नाही. मात्र पट्टीची कड पात्याला केसभरही फट न ठेवता चिकटली पाहिजे, नाहीतर भुसा तीत अडकतो. ती कड दगडावर साधण्यात माझी एक संध्याकाळ गेली.

तळ जाड काचेवर ८०, १२० आणि २२० नंबरच्या पॉलिश पेपरवर चाळीस मिनिटांत पुरेसा उजळला. एकूण खर्च रंधा, दांडा, कागद आणि रॉकेल मिळून दोन हजार एकशे पन्नास रुपये. भाच्याने पात्याचे पैसे घेतले नाहीत. हिशोब खरा ठेवायचा तर आणखी तीन हजार धरावेत. म्हणजे मुंबईच्या नगापेक्षा फार स्वस्त पडला असे म्हणता येत नाही.

दोन इंची पात्याची अडचण कामाचा क्रम बदलून सुटली. दादांनी आधी फळ्यांचे पृष्ठभाग रंधून जाडी २२ मिलिमीटरवर आणली. तसे केल्यावर दोन फळ्या मिळून ४४ मिलिमीटर होतात आणि ५० मिलिमीटरच्या पात्याला दोन्हीकडे थोडी जागा राहते. कडा साधताना लांब रंध्याची उणीव त्यांनी पद्धतीने भरून काढली: दोन्ही टोके सोडून फक्त मधला भाग रंधायचा, तळाची लांबी आड येऊन पाते आपोआप कापायचे थांबेपर्यंत, त्यानंतर टोकापासून टोकापर्यंत सलग एकदोन हात मारायचे. पहिला सांधा तिसऱ्या प्रयत्नात जमला. वरची फळी खालच्या फळीवर उभी करून मागे दिवा धरला, तर साडेपाच फुटांत कोठे उजेड दिसला नाही.

सागवानात सिलिका असते आणि ती धार लवकर खाते, म्हणून दर वीस-पंचवीस मिनिटांनी पाते दगडावर जात होते. खिळ्यांसाठी प्रत्येक फळीवर आधी लोहचुंबक फिरवला होता आणि नऊ खिळे काढले होते. दहावा तिसऱ्या फळीत, चुंबकाला लागणार नाही इतका खोल होता. रंधा त्यावर गेला तेव्हा कट्ट असा एकच आवाज झाला, आणि पुढच्या प्रत्येक पापुद्र्यावर मधोमध एक बारीक रेघ उमटू लागली. दादांनी पाते काढून उजेडात धरले, आरेखकाच्या भिंगातून खाच पाहिली, पाव मिलिमीटर म्हणाले आणि दगड भिजवायला घेतला.